सहली आणि व्याख्यानांचं काम अंगावर आलं, तर…

ज्येष्ठ नागरिक संघात साठी-बासष्टीचा माणूस म्हणजे तरुण पोरगा. वर्गणीची पावती हातात पडते न पडते तोच कार्यवाह विचारतात, "आत्ताच रिटायर झालात ना? मग सहली आणि व्याख्यानं तुमच्याकडे." नाही म्हणायची सोय नसते, कारण आजवर ते बघणारे काका अठ्ठ्याहत्तरचे झालेले असतात आणि त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असते. ठाण्यातल्या अशा नव्या कार्यकर्त्यांसाठी हे टिपण. नुसतं सभासद म्हणून यायचं असेल तरी वाचायला हरकत नाही. आज ना उद्या पाळी येणारच.

अजून संघ धरला नसेल तर

नौपाडा-पाचपाखाडीपासून घोडबंदर रोडच्या संकुलांपर्यंत बहुतेक भागांत संघ नाहीतर कट्टा असतोच. सकाळी तलावपाळीला, कचराळी तलावावर किंवा उपवनला फेऱ्या मारून बाकावर टेकलेल्या घोळक्याला विचारा, पत्ता लगेच मिळेल. घरापासून चालत जाता येईल तोच संघ घ्या. लांबचा कितीही नावाजलेला असला तरी पावसाळ्यात रिक्षावाले नाही म्हणायला लागले की जाणं सुटतं. एक-दोन कार्यक्रमांना पाहुणे म्हणून बसा, मग अर्ज भरा. आजीव सभासदत्वाची घाई नको. वर्षभर साधी वर्गणी भरा, माणसं जुळली की आजीवचं बघा.

पहिले दोन महिने नुसतं बघा

काम हाती आलं म्हणून लगेच काही नवं काढू नका. एक वही करा आणि माणसं टिपा. कोणाला जिना चढवत नाही, कोणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, कोण दर वेळी बरोब्बर सहाला उठून जातं आणि का. बहुधा घरी अंथरुणावरचा नवरा किंवा बायको असते आणि सांभाळायला येणारी बाई साडेसहाला निघते. असा माणूस दिवसभराच्या सहलीला कधीच येणार नाही, पण चार ते सहाचं व्याख्यान त्याच्यासाठी आठवड्यातली एकच मोकळीक असते. वेळा ठरवताना हा माणूस डोळ्यासमोर ठेवा.

जुन्या कार्यकर्त्याकडून मागची वहीही मागून घ्या. कोणत्या बसवाल्यानं ऐनवेळी गाडी बदलली, कोणता वक्ता दीड तास बोलतच राहिला, हे सगळं त्यात असतं.

व्याख्यान: विषय कुठून काढायचा

नवा कार्यकर्ता आधी मोठ्या नावाच्या मागे लागतो. गरज उलटी असते. आपल्या सभासदांना पुढच्या महिन्यात कशाची अडचण येणार आहे ते बघा, विषय आपोआप मिळतात.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला बहुधा नोव्हेंबरात द्यायचा असतो. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांपैकी ज्यांना ८० वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी 'जीवन प्रमाण', म्हणजे हाच दाखला, मोबाइलवर चेहरा दाखवून कसा करायचा, याचं प्रात्यक्षिक ठेवा. भाषण नको. टेबलावर दोन फोन, दोन जाणती नातवंडं आणि रांग. त्या दिवशी हॉल भरतो. तसंच सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं 'आयुष्मान वय वंदना' कार्ड. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. तरी आपल्या संघातल्या अर्ध्या लोकांना ते आपल्यासाठी आहे हेच ठाऊक नसतं, कारण "आपण काही गरीब नाही" असं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

कायद्याची व्याख्यानं कधीच वाया जात नाहीत. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही, एवढं सांगितलं तरी लोक लिहून घेतात. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्यावर वकील बोलवाल तर एक गोष्ट त्यांच्याकडून नीट समजावून घ्या. सांभाळ करण्याच्या अटीवर मुलाला किंवा पुतण्याला घर बक्षीसपत्रानं दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. पण ती अट कागदावर असेल तर वाद कमी होतो. हे घर देण्याआधी कळलेलं बरं. दुसरा विषय 'लिव्हिंग विल'चा. मरणाच्या दारात असताना यंत्रांवर ठेवू नका, हे आधी लिहून ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. विषय जड आहे, पहिल्याच महिन्यात घेऊ नका. पण घ्या.

सायबर फसवणुकीवर वर्षातून दोनदा बोललं तरी थोडंच. जवळच्या पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे संघाच्या लेटरहेडवर पत्र द्या, बहुतेक वेळा कोणीतरी अधिकारी येतात. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून धमकावतात ती 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात नाहीच, हे गणवेशातल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की पटतं. तेच मुलगा वर्षभर सांगत असतो, पण मुलाचं कोण ऐकतं! पैसे गेले तर लगेच १९३०, आणि ज्येष्ठांच्या बाकी कोणत्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाला द्या आणि फोनशेजारी चिकटवायला सांगा.

नुसतं कामाचंच ऐकवू नका. तीन कामाची व्याख्यानं झाली की एक जिवाला बरं वाटणारं ठेवा. ठाण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली, शिलाहार राजांच्या खुणा आजूबाजूला आहेत, खाडीत रोहित पक्षी उतरतात. या विषयांवर बोलणारी अभ्यासू माणसं शहरात आहेत. १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा इथे उपयोग होतो. त्यांच्या कार्यक्रमांना जाऊन बसा, आपल्याला हवा असलेला वक्ता तिथे व्यासपीठावर नाहीतर प्रेक्षकांत सापडतो.

वक्ता ठरला, आता पुढे

फोनवर बोलणं झालं तरी एक लहान पत्र पाठवा. किती माणसं असतील, साधारण वय काय, बोलायचं किती वेळ (पस्तीस-चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही), त्यांना आधीच काय ठाऊक आहे. पडद्यावर काही दाखवणार असतील तर शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढी अक्षरं ठेवा, असं स्पष्ट लिहा. न्यायला-आणायला गाडीचं काय, मानधन आहे की नाही, हेही त्यातच. मानधनाबाबत संकोच करून ऐनवेळी पाकीट पुढे करण्यापेक्षा आधी सांगितलेलं दोघांनाही सोयीचं. शाल-श्रीफळाचा आग्रह असेल तर करा बापडे, पण ज्यांना बोलावता त्यांच्या कपाटात शालींचा ढीग असतो. एखादं पुस्तक द्या.

आता माईक. व्याख्यान पडतं ते वक्त्यामुळे क्वचितच. पडतं ते आवाजामुळे. आपले कार्यक्रम होतात सोसायटीच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, मंदिराच्या सभामंडपात. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, डोक्यावर गरगरणारे पंखे, त्यामुळे आवाज नुसता घुमतो. अर्धा तास आधी जाऊन शेवटच्या रांगेत बसा आणि कोणाला तरी माईकवर वर्तमानपत्र वाचायला लावा. शब्द कळतात का बघा, मोठा ऐकू येतो का हे बघू नका. पंखे मधल्या वेगावर ठेवा, रस्त्याकडच्या खिडक्या लावा. कानाला यंत्र लावणाऱ्यांना मोठ्या स्पीकरजवळ बसवू नका, यंत्रातून आवाज कर्कश होतो आणि ते बिचारे ते काढून खिशात ठेवतात. पहिली रांग सगळीकडे पदाधिकाऱ्यांची असते. ती कमी ऐकू येणाऱ्यांना द्या. थोडी कुरकुर होईल.

प्रास्ताविक दोन मिनिटं, परिचय दोन मिनिटं. हे अध्यक्षांना सांगणं अवघड असतं, म्हणून छापील कार्यक्रमपत्रिकेत वेळ लिहून टाका. कागदावर छापलेलं आपल्या पिढीला मोडवत नाही.

प्रश्नोत्तरांची मात्र तयारी हवी. हात वर होतो, माईक दिला जातो, आणि गृहस्थ उभे राहून म्हणतात, "प्रश्न असा नाही, फक्त दोन शब्द बोलतो." मग ते १९७४ च्या रेल्वे संपात काय झालं तिथून सुरू करतात. मागच्या बाकांवर चपला शोधल्या जातात, वक्ता हसरा चेहरा धरून उभा असतो, माईक परत घ्यायला गेलेल्या कार्यकर्त्याचा हात हवेतच राहतो. यावर चिठ्ठ्यांइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. चहा फिरतो तेव्हा कोरे कागद आणि चार पेनं फिरवा, प्रश्न लिहून घ्या आणि तुम्ही वाचा. शिवाय चिठ्ठी आली की बायका विचारतात. मृत्युपत्राच्या व्याख्यानाला हात वर करून एकही बाई बोलत नाही, आणि चिठ्ठ्यांमध्ये निम्मे प्रश्न त्यांचे निघतात, "घर त्यांच्या नावावर आहे, त्यांच्यामागे मला राहता येईल ना?" या धाटणीचे. असा प्रश्न नाव न घेता वाचला जातो, हे आधीच जाहीर करा.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून कडक ठेवा. फुकट येणारे वक्ते तुमच्याकडे स्वतःहून येतील. गुडघेदुखीवर बोलायचं म्हणून येतात आणि शेवटी चुंबकाची गादी काढतात. गुंतवणुकीवर बोलायचं म्हणून येतात आणि अर्ज वाटतात. मोफत तपासणी शिबिर भरवतात आणि सगळ्यांचे फोन नंबर घेऊन जातात. त्यानंतर महिनाभर सभासदांना फोन. कार्यकारिणीत ठराव करून घ्या: सभागृहात विक्री नाही, अर्ज नाहीत, सभासदांची यादी कोणालाही नाही. हजेरीचा कागदसुद्धा टेबलावर उघडा सोडू नका. चांगल्या डॉक्टरांना या अटीचा कधीच त्रास होत नाही.

सुरुवातीच्या वेळेचं म्हणाल तर, सहाला उठणारा कोणी नसेल तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच चालतील, थंडीत साडेचारच्या पुढे नको. डिसेंबरात सहाला अंधारतं आणि फुटपाथ कसे आहेत ते तुम्ही जाणताच.

सहल: ठिकाण सगळ्यात शेवटी

"कुठे जायचं?" या प्रश्नावर सभेत एक तास जातो. तो विचारूच नका. आधी चार गोष्टी ठरवा: स्वच्छतागृह कुठे कुठे आहे, पायऱ्या किती आहेत, जेवण एकच्या सुमारास मिळेल का, अंधाराआधी घरी पोचू का. या चाळणीतून जी ठिकाणं उरतील त्यातून निवडा. स्वच्छतागृहाची चौकशी करताना कमोड आहे का, हे विचारायला लाजू नका. गुडघे बदललेल्या माणसाला भारतीय पद्धतीचं चालत नाही, आणि ते तो तुम्हाला सांगणार नाही. तो सकाळपासून पाणीच पिणार नाही आणि दुपारी त्याला चक्कर येईल.

पहिली सहल अर्ध्या दिवसाची आणि लोकलनं करा. ठाणेकरांना एक सोय आहे, ती वापरा. सकाळची गर्दी मुंबईकडे जाते, संध्याकाळची मुंबईहून येते. आपण सकाळी अंबरनाथ-टिटवाळ्याकडे निघालो आणि दुपारनंतर परतलो की दोन्ही वेळा उलट्या दिशेनं जातो, बसायला जागा मिळते.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. बाहेरून फिरून कोरीवकाम बघता येतं. गाभारा मात्र खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात, त्या ओल्या असतात. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी वर एक कार्यकर्ता थांबवा, म्हणजे त्यांना मागे राहिल्यासारखं वाटत नाही. स्टेशनपासून रिक्षा करा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. आदल्या महिन्यात शिलाहारांवर व्याख्यान ठेवलं असेल तर हीच सहल दुप्पट रंगते, लोक शिल्पं एकमेकांना दाखवायला लागतात. टिटवाळ्याच्या गणपतीला जाणार असाल तर वाटेत शहाडला उतरून बिर्ला मंदिर बघता येतं, पण चढ-उतार दोनदा होतो. मी तरी एकच धरीन. आणि टिटवाळा मंगळवारी नको.

रोहित पक्षी बघायला ऐरोली जवळ. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट जाते, तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी फोन करून वेळ घ्या आणि मगच फलकावर लिहा. हिवाळ्याच्या शेवटी गेलात तर पक्षी भरपूर. बोटीत चढताना आधार लागतो. दोन धट्टीकट्टी माणसं काठावर, दोन बोटीत.

बस करायची तर गोराईचा विपश्यना पगोडा चांगला. गोराईला बोटीनंच जावं लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं. घोडबंदर रोडनं भाईंदर, तिथून उत्तन, असं गेलं की बस जवळपर्यंत जाते. वज्रेश्वरी-गणेशपुरीची मागणी दर वर्षी होते. वज्रेश्वरीला पायऱ्या चढायच्या आहेत. गरम पाण्याच्या कुंडांपाशी मात्र लक्ष ठेवा: मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असते, पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि फोड येतात. पाणी हाताच्या कोपरानं बघायला सांगा. घारापुरी पहिल्या वर्षी नको. लेण्यांपर्यंत १२० पायऱ्या आहेत, डोली मिळते, पण ज्याला डोलीची गरज असते तोच "मला काही झालेलं नाही" म्हणून चालत निघतो. पुढे जाल तेव्हा सोमवार वगळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

छोट्या गटासाठी एसटी विसरू नका. ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना कोणत्याही वयात अर्धं. आधार कार्ड मूळ घ्या. दहा जण मिळून आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर खर्च नगण्य. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. "अजून मिळते" म्हणणारा एक तरी भेटतोच.

बस आणि पैसे

गाडी ठरवताना आतून बघा. शाळेची बस स्वस्त पडते, पण तिच्या सीट पोरांच्या मापाच्या. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि जेवण धरून आहे का, हे लेखी घ्या. माणशी रक्कम काढताना गाडी पन्नास सीटची असली तरी खर्चाला चाळीसनं भागा. समजा सगळा खर्च १८,००० असेल तर ४५०. आदल्या रात्री चार-पाच जणांचा रक्तदाब वाढतोच. जास्त जमले तर शिल्लक संघाच्या खात्यात पावतीनिशी टाका आणि फलकावर हिशेब लावा. रद्द करणाऱ्याला जेवणाचे पैसे परत, गाडीचे नाही, हा नियम नाव नोंदवतानाच सांगा. नंतर सांगितला की भांडण.

सीटा चिठ्ठ्या टाकून द्या, पण पुढच्या दोन रांगा पाठीचा त्रास असलेल्यांना राखून ठेवा. मागच्या चाकावरची सीट तरुणांची, म्हणजे तुमची. एक प्लॅस्टिकचं मजबूत स्टूल बरोबर घ्या. बसची पहिली पायरी फुटावर असते, खाली स्टूल ठेवलं की चढण्या-उतरण्याची सगळी रडारड संपते. गाडी तीन हात नाक्यासारख्या गर्दीच्या जागी उभी करू नका, आतल्या रस्त्यावर एखाद्या शाळेसमोर बोलवा. दोनपेक्षा जास्त थांबे दिलेत तर शहराबाहेर पडायलाच तास जाईल.

यादीत नाव, फोन, घरच्यांचा फोन, चालू औषधं. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून यायचं. दर दीड तासाला थांबा. इन्सुलिन थंड पिशवीत. लिमलेटच्या गोळ्या, ओआरएस, बिस्किटं तुमच्याजवळ, आणि रुग्णवाहिकेचा १०८ फोनमध्ये साठवलेला. मोजणी डोक्यांची करू नका, जोड्या लावा: प्रत्येकानं एकाकडे लक्ष ठेवायचं. नवरा-बायकोची जोडी लावू नका. ती दोघं मिळून हरवतात.

नवा सभासद, विशेषतः जोडीदार गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलेला, खिडकीशी एकटा बसणार हे गृहीत धरा. त्याच्या शेजारी बडबड्या माणूस नको, विचारपूस करून गप्प बसणारा द्या. अंताक्षरीला कोणाला ओढू नका. त्याच धोरणानं जानेवारीत 'हळदीकुंकू' न म्हणता 'तिळगूळ समारंभ' म्हणा. हळदीकुंकू म्हटलं की काही जणी येतात आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसतात, काही येतच नाहीत.

परतीच्या गाडीत पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगून टाका, त्या वेळी कोणी नाही म्हणत नाही. रात्री ग्रुपवर फोटो टाकण्याआधी सगळे पोचल्याचे निरोप घ्या. ज्याचा निरोप आला नाही त्याला फोन लावा. दुसऱ्या दिवशी वहीत लिहा: गाडीवाल्याचा नंबर, स्वच्छतागृह कसं होतं, जेवण किती वाजता मिळालं, कोणाला त्रास झाला. वक्त्यांना आभाराचं पत्र टपालानं पाठवा, सोबत कार्यक्रमाचा एक फोटो. तेच वक्ते पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचं तरी नाव सुचवतात.